राखुंड्या

लोक विचारतात, मिठू बोलतो का?
मी म्हणते, हा मिठू नाही आणि हा बोलत नाही,
हा आमचंच घर आम्हाला वाजवून दाखवतो.

हिरवा नाहीच मुळी. कोराडीच्या राखेचा रंग.
यांनी तीस वर्षं वीज केंद्रात काढली,
दोनदा धुतलेल्या शर्टातूनही निघायची
त्याच राखेचा.
शेपटीला तेवढा एक निखारा, विझायचा राहून गेलेला.
म्हणून राखुंड्या.

समोरच्या फ्लॅटमधला डॉक्टर पोट्टा
पिंजऱ्यासकट ठेवून गेला, पंधरा दिवसांसाठी.
त्याला सहा वर्षं झाली.
दिवाळीला कॅनडातून फोन येतो,
राखुंड्या ओळख देत नाही.

सकाळी सहाला कचरागाडीचा भोंगा.
मी बादली घेऊन दोन जिने उतरते,
रस्ता रिकामा,
वर बाल्कनीत नाकातून फुटलेलं हसू,
माझ्या नणंदेचं.
ती फक्त एक रविवार राहून गेली होती.

कुकरच्या तीन शिट्ट्या देतो, चौथी अर्धी सोडतो,
वरण कच्चं राहतं ते माझ्या नावावर.
चमचा टेबलाच्या कडेला ढकलत नेतो,
मान वाकडी करून मला बघतो,
पाडतो,
आणि "अरे बाप्पा!" तेही तोच म्हणतो.
डाळिंब खायचं कमी, भिंत रंगवायची जास्त.

"कूलरमध्ये पाणी टाकलं का?"
हा आवाज यांचा, अगदी घशातल्या खरखरीसकट.
मी न्हाणीतून ओरडते, "टाकलं!"
बाहेर येऊन बघते तर हे घरातच नाहीत.

आमच्याकडे शब्द मापून खर्च होतात.
जेवण. किल्ली. औषध घेतलं.
आधी "ऐकलं का", नंतर "वैजूची आई",
आता नुसतं खाकरणं,
आणि मी येते.
चौतीस वर्षांत माझं नाव
रेशनकार्डावर आणि बँकेत.

फेब्रुवारीत वैजूचं ऑपरेशन झालं,
मी चाळीस दिवस बिलासपूरला.
परत आले तर राखुंड्या रुसलेला,
पाठ करून बसला दोन दिवस,
शेंगदाणा दिला तर बोट चावलं.

तिसऱ्या दुपारी हे कॉटन मार्केटला गेलेले, संत्री आणायला.
मी कपडे घडी करत होते.
"कुमुद."

यांचा आवाज. पण हाक नाही,
चहा मागणं नाही.
दिवा बंद केल्यावर माणूस बोलतो तसा.
"कुमुद. काय करून राहिली असशील गं."
मग वेताच्या खुर्चीची करकर,
मग बराच वेळ काही नाही.
तेही त्याने तसंच करून दाखवलं,
काही नाही.

संध्याकाळी यांच्यासमोर पुन्हा म्हणाला, मेला.
पेपर हळूच वर सरकला, डोळ्यांपर्यंत.
"काहीही शिकवतात याला पोट्टे."
कोणते पोट्टे?
या बिल्डिंगमध्ये पन्नाशीच्या आतलं कोणी नाही.
मी म्हटलं, "हो ना,"
आणि संत्रं सोलून अर्धं त्यांच्या बाजूला ठेवलं.

त्यानंतर रोज दुपारी, दार लावून,
पिंजऱ्याशी स्टूल ओढून
मी एकच अक्षर म्हणत बसले. "ओ."
अकरा दिवस लागले.
मधे एकदा त्याने त्याऐवजी शिंक दिली,
एकदा दारावरची बेल.

आता उन्हाळा लागलाय, पारा चव्वेचाळीसवर.
चारच्या सुमारास, हे त्या खोलीत, मी या खोलीत,
"कुमुद," म्हणतो त्यांच्या आवाजात.
"ओ," म्हणतो माझ्या.
थोडा थांबतो.
मग पाणी संपलेल्या पंपाची कोरडी घरघर काढतो
इतकी हुबेहूब,
की आम्ही दोघंही उठतो, दोन खोल्यांतून,
पाणी टाकायला.